भरलेल्या वह्या

"जिभेवर डिंकाची पुटं चढलीत नुसती," आई पुटपुटली आणि किराण्यावर मिळालेलं आणखी एक बक्षीस-तिकीट तिनं वहीत चिकटवलं. बक्षिसांच्या दुकानात चाकांच्या खुर्चीसाठी अशा वीस भरलेल्या वह्या द्याव्या लागतात. कपाटात तेवीस भरून पडल्या होत्या.

"आई, आज पाचच्या आत जाऊन खुर्ची घेऊन येऊ."

"तुला कसली एवढी घाई, लेनोर? थंडी सरली की तुझे बाबा काठी टेकत चालतील. मग वबॅश नदीवर मासे धरायला त्यांना छान गळच घेऊ."

मी राज्याच्या नोंदणी कचेरीत टायपिस्ट. या तिकिटांच्या कंपनीनं राज्याकडे अनामत भरली नव्हती. तिची नोंदणी रद्द केल्याचं पत्र सकाळी मीच टाइप केलं आणि डोकं दुखतंय सांगून घरी पळाले. उद्या ते जाहीर झालं की बक्षिसांच्या दुकानाला कुलूप. आज तोंड उघडलं तर माझी नोकरी जाणार.

सव्वाचार वाजले. "आई, ऊठ ना गं!"

"गळच घेऊ," म्हणत तिनं पुढचं तिकीट जिभेला लावलं.

आतल्या खोलीतून बाबा आईला म्हणाले, "आर्डिथ, जा, खुर्ची घेऊन ये. मी काही आता चालणार नाही."