खोडलेला ‘मी’

सुकन्याच्या शोधनिबंधातला प्रत्येक ‘मी’ कलशेट्टी सरांनी लाल शाईने खोडला. “संशोधनात ‘मी’ चालत नाही, बाई. आपण दिसायचंच नाही की!” मैंदर्गीच्या माळावर मेंढपाळ बायकांची गाणी गोळा करताना उन्हानं काळवंडलेली सुकन्या “व्हय सर” म्हणाली आणि निबंध तसा उतरवून सरांकडे दिला.

पुढं सोलापुरातल्या परिषदेत सरांनी तोच निबंध स्वतःच्या नावावर वाचायला घेतला. आपण दिसायचं नाही म्हणजे नेमकं काय, ते शेवटच्या रांगेत बसलेल्या सुकन्याला तेव्हा कळलं.

सर चांगलेच रंगात आले होते. “दिवसभर मेंढरांमागे हिंडले. सांजेला बाळाबाईंचं जुनं लुगडं नेसले आणि त्यांच्या चुलीपाशी गाणी ऐकत बसले.”

सभागृहात खसखस पिकली. अध्यक्षबाईंनी चष्मा सावरून सरांच्या भरघोस मिशांकडे पाहिलं.

“सर, लुगडं कोण नेसले म्हणालात?”

सरांनी कागद वर-खाली चाळला. खोडायचं काहीच राहिलं नव्हतं, फक्त क्रियापदं तेवढी जिथल्या तिथं होती.

शेवटच्या रांगेतून सुकन्या उठली.

“मी,” ती म्हणाली.