पिंजारलेले केस

वेड्यांच्या इस्पितळातली ती बाई वेणी घालून शांत बसली होती, आणि चित्रकाराने तिला तशीच काढली. डॉक्टरांनी नाक मुरडलं. “ही तर कुणाच्याही घरातली सून वाटते. माझ्या पुस्तकात वेड दिसायला हवं!” चित्रकाराने मुकाट्याने कागदावर केस पिंजारले, ओठ वाकडे काढले, नजर भेसूर केली. पुढे ती बरी झाली. न्यायला भाऊ आला, तेव्हा छापील पुस्तक टेबलावर उघडंच होतं. चित्र पाहून तो पांढराफटक पडला. “घरात लेकरंबाळं आहेत हो,” तो पुटपुटला, “राहू द्या तिला इथेच.” “अहो, ते चित्र खोटंय!” चित्रकार मागे धावला. भाऊ थांबला नाही. आतल्या दाराशी बोचकं घेऊन बसलेल्या तिने विचारलं, “दादा आला ना?” चित्रकाराने रिकाम्या वाटेकडे पाहिलं. “येईल हो,” तीच समजुतीने म्हणाली आणि दादासाठी बाकावर सरकून बसली.