आपला क्रमांक काढून टाकला आहे

चुलत बहीण स्नेहलच्या साखरपुड्याला साधना पहिल्या रांगेत जाऊन बसली. दीड वर्षात नात्यातल्या कुठल्याच कार्यक्रमात ती दिसली नव्हती. त्यामुळे मखमलाबाद रोडच्या त्या लॉन्सवर शिरल्यापासून माना वळत होत्या. तिने आज वळू दिल्या.

नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाची फी भरायला तिने मोबाइलवरूनच एका कंपनीचं कर्ज घेतलं होतं. दोन हप्ते लांबले. कंपनीने तिच्या फोनमधले सगळे नंबर आधीच उचलून ठेवलेले. एका दुपारी त्या सगळ्यांना तिचा फोटो गेला, खाली लाल अक्षरांत लिहिलेलं, 'चोर'. मामांना गेला, कॉलेजच्या मॅडमना गेला, तिचे वडील बहिरूआबा फुलबाजारात ज्यांना गुलाब घालत त्या व्यापाऱ्यांनाही गेला. पुढे कर्ज फिटलं. फोटो लोकांच्या फोनमध्ये राहिला.

घरातले नको म्हणत असताना तिने सरकारकडे तक्रार केली. ऑनलाइन सुनावण्यांना एकटीच बसली. आणि आज सकाळी तिची तक्रार बघणाऱ्या अंजली मॅडमचा फोन आला होता.

"साधना, निकाल आपल्या बाजूने लागलाय. कंपनीला जबर दंड झालाय."

"तो दंड कोणाला मिळतो, मॅडम?"

"सरकारजमा होतो. पण तुझी सगळी माहिती त्यांना पुसावी लागणार. आणि ज्यांचे नंबर उचलले त्या प्रत्येकाला आजच तसं कळवावंही लागणार."

प्रत्येकाला. साधनाने कपाटातून ठेवणीतली साडी काढली ती त्या एका शब्दावर.

स्टेजवर अंगठ्यांचं ताट आलं. निफाडहून आलेली कुसाबाई आत्या साधनापासून एक खुर्ची सोडून येऊन टेकली. मधल्या खुर्चीवर पर्स ठेवून तिने स्वतःच्या अंबाड्यातला अर्धा गजरा तोडला आणि साधनाच्या केसांत माळला.

"किती वाळली गं पोरी. येत जा की. आपलीच मान्सं हायेत."

साधनाला हसू आलं, डोळेही भरले. तेवढ्यात मागच्या रांगेत कोणाचा तरी फोन वाजला. मग त्याच्या शेजारचा. मग स्टेजजवळ दोन-तीन. आत्याच्या पर्समध्येही टिंग झालं. तिने फोन काढून लांब धरला आणि एकेक शब्द जुळवत मोठ्याने वाचायला लागली.

"आमच्या... कर्जदार... साधना बहिरू काकड... यांच्या थकीत... शैक्षणिक कर्जाच्या..."

आत्या थांबली.

"अजून फिटलं नाय का गं ते?"

"फिटलं आत्या, कधीच फिटलं. कंपनीला शिक्षा झाली, म्हणून आलंय हे."

"शिक्षा कंपनीला, मंग नाव तुझं कसं?"

आत्याने फोन पर्समध्ये टाकला आणि मधल्या खुर्चीवरची पर्स उचलून मांडीवर घेतली.

स्टेजवर नवरदेवाचे वडीलही फोन बघत होते. ते फुलबाजारातलेच व्यापारी. त्यांनी वाकून स्नेहलच्या वडिलांना काहीतरी विचारलं. फोटोग्राफर नवरानवरीला हसायला सांगत होता. काका स्टेजवरून उतरले, रांगेपाशी आले आणि साधनाकडे न बघता म्हणाले, "बाळा, जरा आत जाऊन जेवणाचं बघतेस का? आचाऱ्याजवळ कोणीच नाही."

ती उठली.

मंडपामागे आचारी पुऱ्या तळत होता. त्याच्याजवळ काकांची दोन माणसं उभी होती. साधना भिंतीला लागून ठेवलेल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसली आणि तिने अंजली मॅडमना फोन लावला.

"मॅडम, त्यांनी माझं नाव घातलंय. सगळ्यांना गेलंय."

"हो, ते घालावंच लागतं गं. आपला नंबर कंपनीकडे कुठून गेला, हे कळणं हा त्या लोकांचा हक्क आहे."

"आणि माझा?"

पलीकडे थोडा वेळ कागद चाळल्याचा आवाज आला.

"तुला वेगळी तक्रार करता येईल," मॅडम म्हणाल्या. आवाज मऊ होता. "मी मदत करीन."

साधनाने फोन ठेवला. गजरा काढून पिशवीत टाकावा असं तिला वाटलं, पण तिने तो राहू दिला.

बहिरूआबा तिला शोधत मागे आले. नव्या सदऱ्याच्या खिशातून त्यांनी फोन काढला.

"चष्मा घरी राह्यला. हे काय आलंय बघ बरं. जो तो हेच वाचतोय."

साधनाने फोन हातात घेतला. मजकुरावरून एकदा नजर फिरवली. मग आजाऱ्याला औषध समजावून सांगावं तशा शांत आवाजात वाचलं, "आपला क्रमांक आमच्याकडे आला होता. शासनाच्या आदेशानुसार तो आता कायमचा काढून टाकण्यात आला आहे. आपल्या गोपनीयतेचा आम्ही आदर करतो."

"बास? एवढंच?"

"एवढंच, आबा."

आबांनी फोन परत खिशात ठेवला. मंडपातून टाळ्यांचा आवाज आला. अंगठ्या घालून झाल्या असाव्यात. ते त्या बाजूला बघत राहिले, मग कढईकडे, मग भिंतीजवळच्या तिच्या खुर्चीकडे.

"मंग तुला हितं कोणी बसवलं?"