उभ्या फोटोतली ताई

नवरदेवाच्या मामांचं डोकं गेलं होतं. कोट होता, टाय होता, हातात आइस्क्रीमची वाटीसुद्धा होती. पण कॉलरच्या वर फोटोच संपला होता. पुढच्या फोटोत मुलीच्या मैत्रिणी गुडघ्यांपासून खाली गायब होत्या आणि तरीही हसत होत्या.

छोटूभाऊंनी चष्मा पुसून पुन्हा लावला. मामा होते तसेच राहिले.

छोटूभाऊ वजनमापं तपासण्याच्या नोकरीतून निवृत्त झाले होते, पण ताईने लहानपणी ठेवलेलं नाव काही निवृत्त झालं नव्हतं. लेकीच्या लग्नात त्यांनी नव्या कॅमेऱ्याने स्वतः फोटो काढले होते. दुपारी एका आडव्या फोटोवर त्यांनी जीव ओतला. उजेड वाढवला, रंग खुलवले, कडेचा कचऱ्याचा डबा कापला. मग बायकोला बोलावून शिकवलं, की याची सेटिंग्ज अशी उचलायची आणि बाकीच्या सगळ्या फोटोंवर अशी चिकटवायची. तिला जमेल का, अशी शंका त्यांनी दोनदा बोलून दाखवली आणि झोपायला गेले.

उठून बघतात तर आडवे फोटो झकास आणि उभ्यांची पार वाट लागलेली.

"तुम्ही सांगितलं तेच केलं," बायको चहा ठेवत म्हणाली. "आडवं-उभं मला काय कळतंय?"

मामांचं डोकं एक वेळ चाललं असतं. पण एकाही उभ्या फोटोत ताई नव्हती. थोरल्या मुलाच्या लग्नाच्या अल्बममध्ये ताईचा फक्त खांदा आला होता, तर ती वर्षभर या घराशी बोलली नव्हती. मोठ्या मिनतवारीने या लग्नाला आली होती. तेही त्याच दिवशी तिच्या सासरी, धाकट्या दिराच्या मुलीचं लग्न असताना. मेहुणे तिकडे गेले, ताई इकडे आली. हे फोटो असेच गेले असते तर बहीण कायमची तुटली असती.

आडव्या फोटोंत तर ती मुळातच नव्हती. ग्रुप फोटोच्या वेळी नेमकं तिला जेवणाचं बघायला जावं लागलं होतं. एरवीही कॅमेरा दिसला की बाई खांबाआड. लाजाळू पहिल्यापासूनच, असं म्हणत छोटूभाऊंनी तिला उभ्या फोटोंत बेसावध गाठलं होतं.

त्यांनी कोपऱ्यावरच्या स्टुडिओवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, आडव्या फोटोची चौकट उभ्यावर बसवली की वरून डोकी आणि खालून पाय जाणारच. सेटिंग्ज उचलताना यादीतल्या कापाकापीसमोरची खूण काढून टाकायची, म्हणजे नुसते रंग चिकटतात. बाजूची बाई कशी गेली, हे मात्र त्याला कळेना. तीही कधी डावीकडून, कधी उजवीकडून.

"मशीन असं माणूस बघून कापत नाही हो, साहेब."

छोटूभाऊंना तेवढा दम कुठला? त्यांनी आभार मानून फोन ठेवून दिला.

बायकोचं म्हणणं पडलं की आडवेच पाठवा, छान आलेत. त्यात ताई नाही, हे त्यांनी दाखवून दिलं.

"नाहीत तर नाहीत," ती म्हणाली.

छोटूभाऊंनी तिच्याकडे बघितलं. नणंद-भावजयीचं गूळपीठ त्यांना नवीन होतं. जुनं जे होतं ते त्यांना चांगलं आठवत होतं. बायको पिशवी घेऊन शिंप्याकडे निघाली. जाताना दारातून बजावून गेली, की मी येईपर्यंत कुणाला काही पाठवायचं नाही.

दार लागताच छोटूभाऊंनी बाह्या सरसावल्या. सगळे उभे फोटो मूळपदावर आणले. खूण काढली. रंग चिकटवले. आणि काय सांगावं, मामांना डोकं आलं! मैत्रिणींना पाय फुटले! फोटोमागून फोटोत ताई परत येत होती. खांबामागून डोकावणारी ताई, लाडू तोंडात कोंबणारी ताई. आणि शेवटी तो फोटो! वरातीच्या ऐन मध्यभागी, पदर खोचून, दोन्ही पाय जमिनीपासून वीतभर वर असलेली ताई. छोटूभाऊ खुर्चीतल्या खुर्चीत नाचले.

तो फोटो त्यांनी नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला. तरी मन भरेना. म्हणून ताईच्या, धाकट्या मुलाकडे राहणाऱ्या सासूबाईंना वेगळा पाठवला आणि खाली लिहिलं, 'घरचं कार्य असूनही सुनेला मोठ्या मनाने आमच्याकडे पाठवलंत. बघा, किती आनंद लुटला तिने!'

लगेच ताईचे फोनवर फोन यायला लागले. आभार मानायलाच असणार. छोटूभाऊ संकोचाने उचलेनात.

बायको परतली तेव्हा ते दारातच उभे होते. सगळी हकीकत त्यांनी एका दमात सांगितली, सासूबाईंच्या निरोपासकट, आणि फोन तिच्या हातात दिला. फोटो बघून ती चपलांसकट स्टुलावर बसली.

"सासूबाईंनी बघितला?"

"केव्हाच. उत्तर लिहितायत मघापासून. बरंच लांबलचक दिसतंय."

बायकोने पिशवी हळूच खाली ठेवली.

"एकेका फोटोतून ताईंना मी हाताने कापलं होतं. त्यांनीच सांगितलं होतं, आणि तुम्हाला कळू देऊ नको म्हणाल्या होत्या, तुमच्या पोटात काही राहत नाही म्हणून," ती म्हणाली. "भावाच्या लेकीचं लग्न चुकू नये म्हणून त्या सासूबाईंना सांगून आल्या होत्या, की पाय मोडलाय, प्लास्टर घातलंय, पलंगावरून उठता येत नाही."