सुनावणीला आलेला एकजण

मांडवात खुर्च्या मांडल्या होत्या, पण बसलेला फक्त हिराजी नाखवा होता. लेकीनं जातीबाहेर लग्न केलं म्हणून दोन वर्षांपूर्वी गावकीनं त्याला वाळीत टाकलं होतं. आपण बसलोय म्हणून बाकीचे येत नसतील, असं वाटून तो शेवटच्या रांगेत सरकला. तरीही कुणी आलं नाही.

शेवटी सुनावणी घ्यायला आलेल्या सरकारी साहेबांनी त्यालाच माईक दिला. खाडीच्या तोंडावर एका कंपनीचे मासे पाळायचे पिंजरे येणार होते, त्यावर गावाचं म्हणणं ऐकायचं होतं.

"आमच्या गावाच्या होड्या तिथूनच बाहेर पडतात," हिराजी म्हणाला. "पिंजरे आले तर आम्ही जाळी टाकायची कुठं?"

आमच्या गावाच्या म्हणताना त्याला फार बरं वाटलं.

"बरं झालं, तुम्ही तरी आलात," साहेब म्हणाले. "कुणीच आलं नसतं तर सुनावणी झालीच नसती. आता परवानगीचं काम पुढं सरकेल."

परतताना देवळापाशी सगळा गाव बसलेला दिसला. हिराजी लांबच थांबला. "सुनावणी झाली," तो म्हणाला. "आपल्या गावाच्या वतीनं मी बोललो."

म्हातारा पाटील ताडकन उठला. हिराजीकडे न बघता तो बाकीच्यांवर ओरडला, "कुणी जायचं नाही, सुनावणी होऊच द्यायची नाही, असं ठरलं होतं ना? घरोघर निरोप गेला होता. मग याला कुणी सांगितलं नाही?"

हिराजीशी जो बोलेल त्याला दंड, हा नियम पाटलानंच केला होता.