आपण मिळून करू

“छप्पन्न भागिले आठ?” वर्गशिक्षकांनी विचारलं.

मुलीचं बोट बाकावर सातचा आकडा गिरवून गेलं. तोंडानं मात्र ती म्हणाली, “नऊ.”

‘मी म्हटलं नव्हतं?’ अशा नजरेनं वर्गशिक्षकांनी संशोधक बाईंकडे पाहिलं. पोरं तिला ‘ढ’ म्हणत, आणि आता शाळेचंही तेच मत झालं होतं. तिला मागं पडलेल्यांच्या तुकडीत घालायचं जवळजवळ ठरलं होतं. त्या तुकडीतून परत वर आलेलं कुणी कुणाच्या पाहण्यात नव्हतं. बाईंची सही तेवढी बाकी होती.

घरी टॅबवर गणित शिकवायचा कार्यक्रम बाईंनीच तयार केला होता. त्यांचं म्हणणं साधं होतं. जे येतं ते पुन्हा शिकवून मुलांचा जीव खायचा नाही. उत्तरं बरोबर येऊ लागली की टॅबमधला आवाज म्हणे, “शाब्बास. आज इतकंच, उद्या भेटू,” आणि पडदा काळा होई. उत्तर चुकलं, तर तोच आवाज समजावत बसे. परिषदेत या युक्तीचं फार कौतुक झालं होतं. बाकीची मुलं झटपट सुटून खेळायला पळत. ही मुलगी मात्र शाळेतून आल्यापासून आई कामावरून परतेपर्यंत चुकतच राही. चुकायलाही चिकाटी लागते, असं म्हणून शिक्षक स्वतःच हसले आणि तास घ्यायला निघून गेले.

टॅबमधला आवाज बाईंचाच होता. दुसरं कुणी मिळेना, तेव्हा त्यांनी खिडक्यांना गाद्या लावून घरीच तो रेकॉर्ड केला होता. त्या घरात इतकं बोलणं कित्येक वर्षांत झालं नव्हतं. काम संपलं तेव्हा बाईंना उगाचच रडू आलं होतं.

“असू दे,” बाई सवयीनं म्हणाल्या. “आपण मिळून करू.”

मुलीनं झटकन मान वर केली. बाईंच्या तोंडाकडे ती बघतच राहिली. मग खुर्ची ओढून अगदी त्यांच्या जवळ सरकली.

बाईंनी सहीचा कागद बाजूला ठेवला. “बोटानं सात काढलास की तू. मग नऊ का म्हणालीस?”

मुलीनं बाकावर तळहात फिरवून तो आकडा पुसल्यासारखं केलं.

“असंच चुकत राहिलीस तर तुला त्या दुसऱ्या वर्गात बसवतील. माहीत आहे ना?”

तिनं मान डोलावली. ते तिला कधीपासूनच माहीत होतं.

“मग?”

मुलीनं एकदा दाराकडे पाहिलं. बाईंच्या ओढणीचं टोक मुठीत धरलं आणि हळूच म्हणाली, “बरोबर सांगितलं की तुम्ही जाता.”