रविवारची पंगत

"बाबा, बैल पोरांना मारणार तर नाही ना?" सिद्धीने विचारले.

"त्यो लई गरीब हाय. मारलंच तर ही मारल," असे म्हणत भगवंतबाबांनी पत्नीकडे, सरूबाईंकडे, बोट दाखविले. ओटीवर हशा पिकला.

सिद्धी ही मंचरचे किराणा दुकानदार सोहनलालशेठ यांची नात. जैन युवक मंडळाची शेतावरील सहल ठरविण्यासाठी ती बाबांच्या गावी, महाळुंगे पडवळला, आली होती. रविवारी सकाळी मुलांनी धारा पाहायच्या, मग ट्रॉलीतून उसाच्या फडापर्यंत फेरी, आणि दुपारी अंगणात पंगत, असा बेत ठरला.

"कांद्याची बराख दावू का नगं?" बाबांनी कांदा साठवायच्या चाळीकडे हात करीत शंका काढली. "वासानं बाटत्याल व्हय?"

"बघायला चालतो, बाबा. खायला नाही."

सरूबाई जिवाचे कान करून ऐकत होत्या. त्यांचा संसार निपुत्रिक राहिला होता. या अंगणात गडीमाणसे जेवली, पाहुणेरावळे जेवले. परंतु निव्वळ लेकरांची पंगत बसावी आणि आपण वाढावे, ही त्यांची इच्छा उभ्या जन्मात पुरी झाली नव्हती. त्यांनी कांदालसणाचा स्पर्श न झालेली नवी पातेली आणली. सवय व्हावी म्हणून स्वतःच्या स्वयंपाकातूनही कांदा हद्दपार केला. बाबा रोज कुरकुरत, "आगं, पोरं रविवारी येणार, आन् मला आत्तापास्नंच जैन केलंस!"

शनिवारी पहाटे बाबा गोठ्यात धार काढायला बसले, ते उठलेच नाहीत.

दुपारी सिद्धीचा फोन आला. "आजी, उद्या मुलांनी टोप्या आणायच्या का?"

"येऊ नगा, बाई," सरूबाई म्हणाल्या. "बाबा गेलं."

रविवार उजाडला. चूल थंडच होती. मयताच्या घरी चूल पेटत नाही. सोयऱ्यांनी बाहेरून अन्न आणायचे आणि दुःखितांना पहिला घास भरवायचा. त्यास कडू घास म्हणतात. परंतु तो भरविणार कोण? भावकीला सुतक. सरूबाईंचे माहेर केव्हाच खुंटलेले. आदल्या दिवसापासून त्या अन्नावाचून भिंतीला टेकून बसल्या होत्या.

ठरलेल्या वेळी दारात बस थांबली. मुले उतरली. कोणी गोठ्याकडे धावले नाही, कोणी ट्रॉलीवर चढले नाही. हातातले डबे मध्ये ठेवून ती अंगणात ओळीने बसली. सिद्धीने एक डबा उघडला. मंचरात वाढलेल्या मुलीला इथली रीत ठाऊक होती. भाकरीचा तुकडा पिठल्यात बुडवून तिने सरूबाईंसमोर धरला.

"थांब गं पोरी," सरूबाईंची जाऊ अंबाबाई आडवी आली. "ह्यो घास सोयऱ्यानं द्यायचा आसतो. तू कोन लागतीस हिची?"

सिद्धीचा हात अधांतरी राहिला. डोळे भरून आले.

सरूबाईंनी एकवार अंगणाकडे पाहिले.

"अंबे, सर बाजूला," त्या क्षीण स्वरात म्हणाल्या, आणि त्यांनी तोंड उघडले.

उभ्या जन्मात लेकराच्या हातून त्यांना लाभलेला तो पहिला घास. आणि तो कडू घास होता.